एका कानाचा रेडिओ

४ जानेवारी

प्रिय शालकास,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत. वापरून झिजलेले नाहीत, तेव्हा घे.

आधी तुझं कुशल विचारायची रीत आहे. पण तू पडलास घड्याळजी. लोकांची घड्याळं बिघडली की तुझं कुशल चालू राहतं, म्हणून तो प्रश्न मी विचारत नाही. कामाचं लिहितो.

आमचं वाचनालय ज्या खोलीत आहे ती लाकडाच्या वखारवाल्यांची. सगळी गल्ली त्यांना फळीशेट म्हणते; तोंडावर मात्र नुसतं शेट. खोलीचा करार फेब्रुवारीअखेर संपतो आणि पुढे तिथे फळ्या रचायचा त्यांचा बेत आहे. मी रदबदली करायला गेलो. ते म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुमची पुस्तकं उभी असतात, माझ्या फळ्या आडव्या. जागा दोन्हींना लागते. फरक इतकाच की फळ्या विकल्या जातात." युक्तिवादात मला खोट सापडली नाही. बावीस वर्षं ग्रंथपालकी केलेला मी, आपल्याकडे विकली जाते ती फक्त वर्तमानपत्रांची रद्दी, असा हिशेब करत घरी आलो.

तेवढ्यात रेडिओ केंद्राचं पत्र आलं. ग्रंथपालाने आपल्या कामाविषयी दहा मिनिटं बोलावं, तारीख ३१ जानेवारी, संध्याकाळी साडेसहा. हे कळताच शेट मऊ झाले. रेडिओवर बोलणारा माणूस खोटं बोलत नाही अशी त्यांची श्रद्धा आहे. म्हणाले, बोला, मला पटलं तर करार वाढवतो. शिवाय त्यांच्याकडे कपाटाएवढा पाच दिव्यांचा, म्हणजे पाच व्हॉल्व्हचा, रेडिओ आहे. सगळी गल्ली त्यांच्या दिवाणखान्यात येऊन ऐकेल, असंही म्हणाले.

इथे माझं चुकलं. ज्याच्या दारात खोली मागायची त्याच्याच खुर्चीत बसून लोकांनी माझं भाषण ऐकायचं, हे मला बोचलं. मी म्हणून गेलो की आमच्या घरी रेडिओ येतोच आहे. मग दुकानात गेलो. दुकानदाराने किंमत सांगितली आणि लगेच पाण्याचा पेला पुढे केला. यावरून हे त्याच्याकडे नेहमी घडत असावं.

तेव्हा आता तूच. ग्रंथपालाच्या पगारात बसेल असा रेडिओ जगात असतो का?

तुझा,
भाऊजी


९ जानेवारी

भाऊजी,

नमस्कार पायावर, हात कामात.

दिव्यांच्या रेडिओचं माझ्यापुढे कौतुक करू नका. माझ्याकडे चार दुरुस्तीला पडलेत. दर आठवड्याला त्यांची बॅटरी भरून आणावी लागते, दिवा उडाला की नवा दिवा, आणि सगळं नीट लागलं की मग ते शिट्टी मारतात. घेणारा एकदा रडतो आणि पुढे दर महिन्याला रडतो.

तुम्हाला मी खड्याचा रेडिओ करून देतो. पुठ्ठ्याची नळी, तिच्यावर तांब्याची तार आणि करंगळीच्या नखाएवढा एक स्फटिकाचा खडा. बॅटरी नाही, वीज नाही, खर्च नाही. केंद्र तुमच्यापासून बारा मैलांवर आहे, म्हणजे सहज येईल. (मी इथे इतका लांब की मला ते ऐकूच येत नाही.) आवाज पाच दिव्यांपेक्षा स्वच्छ. फक्त लहान. इतका लहान, की एका माणसाच्या एका कानात मावतो. कानाला लावायची एक डबी सोबत येईल. दुसरी मागू नका. एकाच्या वाटणीचा आवाज दोघांत केला तर दोघेही उपाशी राहतात.

खड्यावर बारीक तार टेकवत जायचं. एका जागी आवाज सापडतो. तुम्ही मात्र हात लावू नका, तुमचे हात पुस्तकांचे. ताईला द्या. बाबांच्या दुकानात केसाएवढी स्प्रिंग तीच बसवायची, मी नुसता दिवा धरायचो.

आणि एक लिहून ठेवा. संच फसला तर दोष माझा. पण माझा संच फसत नाही.

तुमचा,
घड्याळजी


२० जानेवारी

प्रिय शालकास,

संच पोचला. एक तार गच्चीवरून समोरच्या शिंप्याच्या कठड्यापर्यंत नेली, दुसरी नळाला बांधली. शिंप्याने विचारलं, कपडे वाळत घालू का? मी नाही म्हटलं. त्याने घातले.

तुझ्या बहिणीने डबी कानाला लावली, खड्यावर तार टेकवली आणि तिचा चेहरा असा काही उजळला, की पंचवीस वर्षं माझं बोलणं ऐकताना तो एकदाही तसा उजळलेला नाही. बातम्या आल्या, गाणं आलं, हवामान आलं. मी समोर बसून तिच्या भुवया वाचत होतो. अखेर तोड निघाली. ती डबीतलं ऐकेल आणि वाक्यावाक्याने मोठ्याने सांगेल. मूळ ग्रंथ कानात, टीका ओठांवर. आपल्या परंपरेला धरूनच आहे.

मी रोज मागच्या खोलीत भाषणाचा सराव करतो. एकोणीस संस्कृत वचनं घातली आहेत. ती भांडी घासता घासता म्हणाली, "एकोणीसच का? वीस करा, पूर्ण आकडा होईल." तिला भाषण आवडलेलं दिसतं.

भाऊजी


१ फेब्रुवारी

धाकट्या,

हे पत्र वाचून फाड. फाडलंस की मग पुढचं वाच, म्हणजे आधी करून मग वाचायची तुझी सवय मोडणार नाही.

काल हे केंद्रावर गेले. इकडे सहालाच घर भरलं. शिंपी, दवाखान्यातल्या नर्सबाई, पोस्टमन, आणि सगळ्यांत शेवटी कोण, तर फळीशेट. त्यांच्या रेडिओची बॅटरी सकाळीच बसली होती. आमच्या एकुलत्या एका खुर्चीत ते बसले आणि खुर्चीने तसं सांगितलं.

मी डबी लावली. आत व्हायोलिन. म्हटलं, थांबेल आत्ता. साडेसहा वाजले. आत व्हायोलिनच. कोणी तरी असं घासत होतं, की जणू उद्यापासून मिळणार नाही. मी खड्याचा कोपरा न् कोपरा टोचला. एक तर चिडीचूप, नाही तर व्हायोलिन. सगळ्यांचे डोळे माझ्या तोंडावर. हे तिकडे जीव तोडून बोलत असणार आणि इकडे तुझा संच मला भलतंच काही ऐकवतोय. शेटनी खिशातलं घड्याळ काढलं. म्हणाले, "वहिनी, येतंय का काही?"

मी म्हटलं, "सुरू झालं."

आणि केलं सुरू. तीन आठवडे रोज कानावर होतं, पाठ झालंच होतं. सुरुवात त्यांचीच म्हटली. पण संस्कृत आलं की माझी जीभ अडखळे आणि शेटना जांभई येई. म्हणून गाळलं. एकोणीसच्या एकोणीस. तेवढी जागा रिकामी राहिली, मग तिथे मी माझं भरलं.

मी यांचा जेवणाचा डबा घेऊन वाचनालयात जायचे तेव्हाचं. एक म्हातारे गृहस्थ रोज दुपारी यायचे, खिडकीजवळच्या बाकावर बसायचे आणि वर्तमानपत्र उघडायचे. कधी सुलटं, कधी उलटं. कोणी हसलं नाही. शेजारी बसणारा एक जण मात्र आपलं वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचा, खोड असल्यासारखा, वर 'शांतता राखा' अशी पाटी लावलेली असताना. म्हातारे ऐकायचे, वेळेवर पान उलटायचे आणि चार वाजता 'बरंच वाचून झालं' म्हणून घरी जायचे. मी म्हटलं, गावात अशी एक तरी खोली असावी, जिथे माणसाला येत नाही ते कोणी विचारत नाही.

ते म्हातारे शेटचे वडील. नाव मी घेतलं नाही. शेटनी घड्याळ खिशात ठेवलं आणि मग बाहेर काढलंच नाही.

आता माझी झोप गेलीय. हे तिकडे वेगळंच बोलले असणार, आणि लोक यांना माझ्या भाषणाची शाबासकी देणार. माझी चोरी उघडी पडणार. तुझा संच ऐन वेळी फसला हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुझी अब्रू राखलीय, माझी तू राख.

ताई


३ फेब्रुवारी

प्रिय शालकास,

हे पत्र तुझ्या-माझ्यात. तुझ्या बहिणीला तर मुळीच नको.

भाषण झालं नाही.

माझ्या आधी एका महाशयांचं व्हायोलिन होतं. ते रंगात आले. केंद्रातले गृहस्थ काचेपलीकडून हात हलवत होते, पण वादकाचे डोळे मिटलेले. त्यांना मोक्ष मिळाला, मला चहा मिळाला. साडेसहाला संपायचं ते दहा मिनिटांनी वाढलं, आणि सहा चाळीसला बातम्या. बातम्या कोणासाठी थांबत नाहीत म्हणे. पुन्हा तारीख कळवू, असं सांगून त्यांनी मला सन्मानाने जिन्यापर्यंत पोचवलं.

रात्री परतीची गाडी नसते, म्हणून तिथल्या खाणावळीत काढली. परतताना कबुलीजबाबाचे तीन मसुदे मनात केले; दुसरा चांगला साधला होता. गल्लीत पाऊल टाकलं तर शिंप्याने धावत येऊन माझा हात हातात घेतला. नर्सबाईंनी डोळे पुसले. पोस्टमन म्हणाला, असं कोणी बोलत नाही हो. आणि शेट, आपले फळीशेट, वखारीतून उठून बाहेर आले आणि म्हणाले, "पटलं. महिनाअखेर सही करू." माझा दुसरा मसुदा जागच्या जागी मेला.

तुझ्या संचाची तारीफ कोणत्या शब्दांत करू? श्रीमंतांचा रेडिओ केंद्रातून जेवढं निघतं तेवढंच पकडतो. तुझा, जे निघालंच नाही तेही पकडतो आणि वर सुधारून देतो. इतक्या कमी किमतीत हे देणं तुला परवडतं कसं?

थट्टा पुरे. तुझ्या बहिणीने व्हायोलिन ऐकलं असणार, नवऱ्याचा पचका झाला हे ओळखलं असणार आणि माझी लाज झाकली असणार. तिला मी काही विचारलेलं नाही. ती माझ्याकडे बघत नाही. खाली मान घालून तीच ती वाटी घासत असते. तिला माझी दया आलेली आहे, आणि दया सोसण्याचा मला सराव नाही.

भाऊजी


७ फेब्रुवारी

भाऊजी,

मला शपथ घातलीत, म्हणून दोनच ओळी लिहितो. तुम्हाला वाटतं त्या कारणाने ताई खाली बघत नाही. याहून जास्त सांगता येत नाही. का सांगता येत नाही, तेही सांगता येत नाही.

माझ्या दुकानात शेजारीशेजारी दोन घड्याळं टांगलीत. एक पाच मिनिटं पुढे, एक पाच मिनिटं मागे. दोघांनाही वाटतं, दुसरं चुकतंय. मधल्या खिळ्याचे हाल कोणी विचारत नाही.

खिळा

(ताईला वेगळं कार्ड टाकलं आहे. त्यावर इतकंच आहे: 'संच फसलेला नाही.' वाचून ती चिडेल. चिडू दे.)


१६ फेब्रुवारी

प्रिय खिळ्यास,

केंद्राचं पत्र आलं. नवी तारीख २४ फेब्रुवारी. पोस्टमनने ते आणून देताना पाकिटावरचा शिक्का सगळ्या गल्लीला दाखवला, तेव्हा शेटना लगेच कळलं. त्यांना वाटतं, लोकांच्या आग्रहावरून तेच भाषण पुन्हा ठेवलं आहे. बॅटरी भरून आणली आहे आणि या वेळी सगळी गल्ली त्यांच्याकडे. सही अजून व्हायची आहे.

म्हणजे मला तेच भाषण केलं पाहिजे. आणि ते मला माहीत नाही.

ज्याने केलं त्याला विचारावं हा सरळ मार्ग. पण तिला विचारायचं म्हणजे माझ्या फजितीचं नाव घ्यायचं, आणि आम्ही दोघे ते नाव न घेण्यात आता चांगलेच तरबेज झालो आहोत. म्हणून मी जुन्या पंडितांची वाट धरली. मूळ पोथी हरवली की पाठ असणाऱ्यांकडे जायचं, पाठभेद जमवायचे आणि संहिता सिद्ध करायची.

शिंप्याकडे सदऱ्याचं माप द्यायला गेलो. त्याच्या मते भाषण मुख्यतः एका बाकाबद्दल होतं. नर्सबाईंना म्हाताऱ्या माणसांची काळजी एवढंच आठवतं. पोस्टमनच्या स्मरणात फक्त पाटी, 'शांतता राखा'. आंधळ्यांनी हत्ती चाचपावा तसा मी तीन दिवस माझंच भाषण चाचपत हिंडलो. तुकडे जुळवले तेव्हा उलटं धरलेलं वर्तमानपत्र समोर आलं.

शालका, ती गोष्ट मी कोणाला सांगितलेली नव्हती. तिलाही नाही. ती डबा ठेवायची आणि जायची. थांबून बघत असेल असं मला वाटलं नव्हतं.

काल शेटनी वाटेत अडवून विचारलं, तो शेजारी बसून मोठ्याने वाचणारा कोण होता? मी म्हटलं, पुस्तक नेणाऱ्याची नोंद होते, वर्तमानपत्र वाचणाऱ्याची होत नाही. ते बराच वेळ माझ्या चपलांकडे बघत होते.

शेवट मात्र मिळत नाही. तिघांचे तीन शेवट आहेत.

भाऊजी


२० फेब्रुवारी

धाकट्या,

तुझा संच फसलेला नव्हता. चुकले. मोठ्या बहिणीने एवढं लिहिलं म्हणजे पुष्कळ झालं, हे पत्र चौकटीत लावून टांगू नकोस.

परवा संध्याकाळी डबी लावून बसले होते. हे समोर वाचतायत असं दाखवत होते. तर केंद्रावरची बाई म्हणाली, ३१ जानेवारीला वेळेअभावी राहून गेलेलं ग्रंथपालांचं भाषण आता चोवीस तारखेला होईल. राहून गेलेलं! म्हणजे मी ऐकलं ते व्हायोलिन खरंच होतं. म्हणजे वीस दिवस मी यांच्यापासून माझी चोरी लपवतेय आणि हे माझ्यापासून त्यांची लपवतायत. यांनी विचारलं, काय म्हणतायत? मी म्हटलं, हवामान. उद्या ढगाळ.

यांच्या टेबलावर कागद बघितला. माझं भाषण लिहून काढलंय, शिंप्याच्या आणि पोस्टमनच्या तोंडून जमवून. समासात बारीक अक्षरात 'इति सौचिकः', म्हणजे असं शिंपी म्हणतो, असं काय काय. शेवटाची जागा कोरी.

आता सरळ सांगायचं तर यांचा अभिमान दुखणार. म्हणून आज दुपारी भांडी घासताना मी आपली म्हणत बसले, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, जरा मोठ्याने. मागच्या खोलीत टाक कुरकुरत होता. एका जागी मी मुद्दाम थांबले, तर टाकही थांबला. मग पुन्हा सुरू केलं. तिन्हीसांजेला चहा देताना यांनी विचारलं, गाणं म्हणत होतीस का? म्हटलं, हो. म्हणाले, चाल बरी आहे.

ताई


२८ फेब्रुवारी

प्रिय शालकास,

सही झाली. दहा वर्षं. आता क्रमाने ऐक.

चोवीस तारखेला मी बोललो. व्हायोलिनवाले त्या दिवशी नव्हते. मी आधी खात्री करून घेतली. पण बोलायच्या आधी निवेदिका बाईंनी स्पष्ट आवाजात सांगितलं, की गेल्या महिन्यात वेळेअभावी राहून गेलेलं भाषण आता ऐका. काचेपलीकडून मी हात हलवून बघितला. वादकांचे डोळे मिटलेले असतात, निवेदकांचे कागदात असतात. तेवढ्यात लाल दिवा लागला. बारा मैलांवर शेटचे पाच दिवे लागलेले होते आणि सगळी गल्ली त्यांच्यासमोर बसलेली होती. मला खोलीभर आडव्या फळ्या दिसल्या. बोललो, तुझ्या बहिणीचं, शब्दन् शब्द. फक्त एक संस्कृत वचन मी राहू दिलं, एकोणिसांतलं एक. नंतर कळलं, की नेमक्या त्याच जागी शेटच्या रेडिओने शिट्टी मारली. यंत्रांनाही अभिरुची असते.

दुसऱ्या दिवशी परतलो तो थेट वखारीत गेलो. म्हटलं, उशीर केला तर दुसरा मसुदा पुन्हा मरेल. शेट फळ्या मोजत होते. मी तोंड उघडलं, तर हात वर करून म्हणाले, मोजून होऊ द्या. झालं. मग फळीवर बसले, मलाही बसायला सांगितलं.

म्हणाले, "बाबा रोज घरी येऊन आम्हाला बातम्या सांगायचे. युद्धाच्या, बाजारभावांच्या, सगळ्या. आम्हाला वाटायचं, वाचतात. ते गेल्यावर त्यांची सही शोधायला कागद काढले, तर सगळीकडे अंगठा." मग फळीवर हात फिरवत म्हणाले, "कोण वाचायचं ते मला विचारायचं नाही. पाटी लावणाऱ्यालाच पाटी मोडायची मुभा असते, एवढं कळतं मला."

मी म्हटलं, शेट, मागच्या महिन्यातल्या भाषणाबद्दल मला एक सांगायचं आहे.

"काय सांगणार? माझा रेडिओ केवढ्याचा, तुम्हाला माहीत आहे. त्याला जे काल ऐकू आलं, ते वहिनींच्या रेडिओला महिनाभर आधी ऐकू आलं होतं. माल कोणाचा चांगला?" मग त्यांनी मुनीमजींना हाक मारून कागद मागवला, सही केली आणि तुझा पत्ता लिहून घेतला. त्यांना खड्याचा रेडिओ हवा आहे. पाच दिव्यांचा विकायला काढणार म्हणतात. किंमत सांगताना शेजारी पाण्याचा पेला ठेव, नाहीतर त्यांना किंमत खरी वाटणार नाही.

घरी आलो. तुझी बहीण डबी लावून बसली होती. शेटकडे ती गेलीच नव्हती. मी कराराचा कागद टेबलावर ठेवला. तिने वाचला, आणि मग महिनाभराने माझ्याकडे सरळ बघितलं. म्हणाली, "वीस नाही, एकोणीस नाही, एकच? त्यापेक्षा पूर्ण आकडा बरा होता." एवढ्यावर आमची सगळी बोलणी झाली. तुला वाटत असेल बरंच काही व्हायला हवं होतं. तू अविवाहित आहेस.

मी तिला म्हटलं, तुझ्या भावाला सांगून आणखी एक डबी मागवू. आवाज निम्मा झाला तरी चालेल, दोघांनी मिळून ऐकू. ती नको म्हणाली. का, म्हणून विचारलं, तर डबी कानावर नीट बसवत म्हणाली, "मग मला काय ऐकू येतं, ते तुम्हाला कळेल."

तेव्हा डबी पाठवू नकोस.

तुझा,
भाऊजी